गवती चहाचे माहेर

आमच्या दादरच्या गॅलरीतला गवती चहा यंदा तिसऱ्यांदा वाळला. "अहो, नागोठण्याहून आत्याबाईंकडचे ठोंब आणा, आणि ते जगवायचे कसे तेही विचारून या," असे सौभाग्यवतींनी बजावले. जूनच्या पहिल्या सरी पडताच पनवेलहून रोह्याची गाडी धरली. पेण गेले, कासू गेले, आणि ओल्या मातीचा वास घेत नागोठण्याला उतरलो.

अंबा नदीकाठचे हे गाव एके काळचे खाडीवरचे बंदर. जुना दगडी पूल अजून त्या दिवसांची आठवण देतो. आज गावाचे नाव निघते ते पेट्रोकेमिकल कारखान्यामुळे. पण आत्याच्या परसात पाऊल टाकावे, तर न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले गवती चहाचे कमरेएवढे बेट समोर उभे!

"कुंडीत रोज तांब्या तांब्या ओतत असशील," आत्याने माझी चोरी पकडली. "अरे, त्याला पाणी हवे, पण पायाशी तुंबलेले नको. मुळे कुजतात."

मग तिने धडाच दिला. जागा उन्हाची हवी. कुंडीच्या तळाला भोक ठेवावे, वर खापऱ्या घालाव्यात. पात ओढून उपटू नये; जमिनीपासून चार बोटे राखून विळ्याने कापावी. तीन-चार वर्षांत बेट दाटले की पावसाच्या तोंडावर खणून, पाती कातरून, फुटवे वेगळे लावावेत.

फुटवेच का? तर या गवताला सहसा बी धरत नाही. या हातातून त्या हातात गेले, तरच ते पुढे जाते. दूर पॅराग्वे-अर्जेंटिनात येर्बा माते नावाच्या झाडाच्या पानांचा चहा मंडळी एकाच भोपळ्यातून, एकाच नळीने, आळीपाळीने पितात. त्या झाडाला बी येते; मात्र ते रुजायला महिनोन् महिने लागतात. त्या पानांत तरतरी आणणारे कॅफीन असते. आपल्या गवती चहात ते नाही. आहे तो सिट्रलचा लिंबासारखा वास. म्हणून तर तो आल्याबरोबर आपल्या नेहमीच्या चहात पडतो. आपल्याकडे पेला ज्याचा त्याचा, वाटून घ्यायचे ते झाडच!

"हे बेट तुझ्या लग्नापासूनचे ना?" मी विचारले.

आत्या क्षणभर गप्प झाली. १९८९ च्या जुलैत अंबेला पूर आला, जांभूळपाड्यात हाहाकार झाला, तेव्हाची गोष्ट. "इथे परसात नुसता गाळ. बेट पार कुजले. सासूबाईंच्या हातचे होते रे! पण आदल्या वर्षी वरच्या आळीत चार फुटवे दिले होते. त्यांतलेच दोन मागून आणले. दिले नसते, तर संपलेच होते."

ओल्या गोणपाटात चार फुटवे बांधून परतलो. एक आमच्या कुंडीत लावला, तीन शेजाऱ्यांना दिले. आता चौथ्यांदा आमचा वाळला, तरी ठोंबासाठी नागोठणे गाठायचे कारण उरलेले नाही. तोटा झाला असेल, तर एवढाच!