खापराची पाठ

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या बाजारांत घागरींच्या शेजारी खापरं मांडलेली दिसतात. घागर पितरांसाठी, खापर पुरणपोळीसाठी. जाणती बाई खापर उचलून बोटाने वाजवून बघते. खणखणीत वाजलं तर घ्यायचं; बद्द वाजलं तर कुठेतरी बारीक तडा असणार. देखभाल इथूनच सुरू होते.

खापर चुलीवर पालथं घालतात, भाजायचं ते त्याच्या पाठीवर. पोळी हातांवर झुलवत मोठी करायची आणि अलगद त्यावर सोडायची. ती फाटली तर पुरण सांडतं, गूळ जळतो आणि पुढची पोळी नेमकी तिथेच चिकटते. म्हणून ती जागा सुती फडक्याने लगेच पुसून घ्यायची. गार पाणी मात्र ओतायचं नाही. तापलेल्या मातीचा वरचा थर एकदम आकसतो, आतला आकसत नाही, आणि खापर तडकतं. साबणही नको, कारण सच्छिद्र माती तो शोषून घेते.

लोखंडी तवा रोजचा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) संसाराबद्दल सांगायला चुलीवरचा हाच तवा घेतला. कळण्याची भाकरी थापली की पीठ तव्यावर सांडतं, करपतं. ते दोन भाकरींच्या मध्येच झटकलं तर शेवटची भाकरीही स्वच्छ उतरते. तापल्या तव्यावर पाणी ओतू नये, असं म्हाताऱ्या माणसांनी अशुभाचं नाव घेऊन बजावलं. त्यामागे पक्कं कारणही आहे: पत्र्याचा तवा वाकतो, बिडाचा चिरू शकतो.

खरं नुकसान होतं ते अति स्वच्छतेने. तव्याच्या तळाशी बसते ती काजळी. ती राखेने, काथ्याने खुशाल घासावी. पण धिरडी-घावनांच्या तव्यावर आतून जो काळा, गुळगुळीत थर दिसतो तो मळ नव्हे. तेलाचा पातळ हात पुन्हा पुन्हा तापून लोखंडावर घट्ट बसलेला तो लेप आहे. गंज त्यानेच अडतो, घावन त्यानेच सुटतं. तारेची घासणी आणि चिंचेचं पाणी घेऊन तवा ‘चकचकीत’ केला, की वर्षांची कमाई एका दुपारी जाते! मग पुन्हा पहिल्यापासून: धुवायचा, पुसायचा, आचेवर कोरडा करायचा आणि तेल लावायचं, तेही अगदी पुसट. जाड लावलं तर चिकट होतं.

नॉनस्टिक तव्याला लाकडी उलथनं आणि मऊ घासणी पुरते. तो रिकामा तापवू नये, २६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो.

काचेच्या विजेच्या शेगडीवर पुरण सांडलं तर मात्र थांबू नये. एरवी काच निवल्यावर पुसायची, पण गूळ-साखर निवताना काचेला धरते आणि काढताना टवका उडतो. शेगडी बंद करून, हात भाजणार नाही असं बघून, काच गरम असतानाच चपट्या पात्याच्या खरवडणीने ते काढून घ्यावं. उरलेला डाग निवल्यावर ओल्या फडक्याने जातो.