एकाच बसमधले दोघे

१९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बेंगळुरूच्या शहर बससेवेत शिवाजीराव गायकवाड नावाचे एक तरुण वाहक काम करीत असत. खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांचे गठ्ठे आणि समोर माणसांनी खच्चून भरलेली गाडी. त्या दाटीतून वाट काढीत झटक्याने तिकीट फाडून देण्याची आणि सुटे पैसे परत करण्याची त्यांची एक खास ढब होती. त्याच बसच्या सुकाणूवर त्यांचे मित्र राजबहादूर बसलेले असत.

शिवाजीरावांचा जन्म १२ डिसेंबर १९५० रोजी बेंगळुरूतील एका मराठी कुटुंबात झाला. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले, तेव्हापासून तेथे मराठी बोलणाऱ्यांची वस्ती आहे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, अशीच तेथील मराठी मुलांची वाढ होते. वडील पोलीस शिपाई होते. आई जिजाबाई शिवाजीराव लहान असतानाच गेल्या. पुढे हमाली, सुतारकाम अशी मिळतील ती कामे करून झाल्यावर वाहकाची नोकरी लाभली. अशा घरात त्या नोकरीचे मोल किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

ती नोकरी केवळ पगारामुळे मोलाची नव्हती. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने कामाचे तास बांधून दिले होते. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम नाही. घेतलेच, तर त्या जादा वेळेचे वेतन दुप्पट. कागदावरचे हे नियम आगारात खरोखर पाळले जावेत, यासाठी कामगार संघटना जागरूक असत. बढती मिळे ती प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने. वरचा माणूस निवृत्त झाला, की खालच्याचे नाव यादीत एक पायरी वर सरके. अशा व्यवस्थेत कर्तबगार आणि आळशी दोघेही एकाच गतीने पुढे जातात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अगदीच खोटा नाही. परंतु ज्याने साहेबाच्या मर्जीवर बढती ठरण्याचा काळ सोसला आहे, त्याला त्या यादीचा केवढा आधार वाटतो, हे आक्षेप घेणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

मात्र ज्याला वेगळेच काही करून पाहायचे आहे, त्याच्यासाठी त्या यादीत रकाना नसतो. त्याला जे काही करायचे, ते पाळी संपल्यावरच. तिकिटांचा आणि रोकडीचा हिशेब जुळवून पिशवी रिकामी केली, की पुढचे तास शिवाजीरावांचे स्वतःचे असत. ते कन्नड पौराणिक नाटकांत भूमिका करू लागले. दिवसभर प्रवाशांना पुढे सरका म्हणून सांगणारा आवाज रात्री रंगमंचावर पल्लेदार संवाद म्हणू लागला. त्या आवाजात काही निराळे आहे, हे पहिल्यांदा हेरले ते राजबहादूर यांनी.

१९७३ साली मद्रासच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत अभिनयाच्या शिक्षणासाठी जाण्याचा प्रश्न उभा राहिला. एका बाजूला कायमची नोकरी. दुसऱ्या बाजूला परके शहर, अनोळखी भाषा आणि शिक्षण संपल्यावर काम मिळेलच याची काडीचीही शाश्वती नाही. घरच्यांचे मन या निर्णयाला पुरते अनुकूल नव्हते आणि त्यात त्यांचा दोष तो काय? हातची भाकरी टाकून कोण जातो? राजबहादूर यांनी मात्र मित्राला जाण्याचा आग्रह केला आणि नुसत्या आग्रहावर ते थांबले नाहीत. मित्राच्या शिक्षणाच्या काळात त्यांनी त्याला पैशाचे साहाय्य केले.

शिवाजीराव धाडस करून गेले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. पण मद्रासच्या त्या विद्यार्थ्याच्या हाती येणारे पैसे बेंगळुरूतल्या एका चालकाच्या कष्टाचे होते. ठरलेल्या तासांचे, ठरलेल्या दराचे वेतन मिळवणारा एक जण सुकाणू धरून बसला होता, म्हणून दुसऱ्याला बसमधून उतरून नव्या वाटेने चालता आले. एकाच पगारात एकाच्या घरखर्चाला आणि दुसऱ्याच्या स्वप्नाला पुरवठा करायचा, हे काही थोडे धाडस नव्हे. त्याची नोंद सेवापुस्तकात होत नाही, एवढेच.

मद्रासला दिग्दर्शक के. बालचंदर यांची दृष्टी या विद्यार्थ्यावर पडली. त्याने तमिळ शिकून घेतली. शिवाजी हे नाव तमिळ पडद्यावर शिवाजी गणेशन यांच्यामुळे आधीच गाजत होते, म्हणून बालचंदर यांनी त्याचे नाव रजनीकांत ठेवले. १९७५ साली ‘अपूर्व रागंगळ’ या चित्रपटातील एका लहानशा भूमिकेत एक फाटक ढकलून तो आत आला. त्यापुढची हकीकत साऱ्या देशाला माहीत आहे. राजबहादूर मात्र बसच चालवीत राहिले.

२५ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीत रजनीकांत यांना दादासाहेब फाळके पुरस्कार प्रदान करण्यात आला. स्वीकाराच्या भाषणात त्यांनी तो ज्यांना अर्पण केला, त्यांत पहिले नाव गुरू बालचंदर यांचे होते, दुसरे थोरले बंधू सत्यनारायणराव यांचे. तिसरे नाव घेताना त्यांनी सभागृहाला सांगितले, की हा माझा मित्र बसचालक होता आणि मी त्याच्या गाडीवर वाहक होतो.