दिसले ते कोण? हैदराबादचे फुगे, वृश्चिकातला तारा आणि ढाणकीवरचे आकाश

१/ ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातले गाव. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा कापसाचा मुलूख हैदराबादपासून सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटरवर आहे. हैदराबादहून संशोधनाचे फुगे सोडायचे असले की वृत्तपत्रांत एक सूचना छापून येते. फुग्याखालची उपकरणे रंगीत हवाई छत्रीने २०० ते ३५० किलोमीटर अंतरावर उतरू शकतात. सापडल्यास उघडू नयेत, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. ज्या जिल्ह्यांसाठी ही सूचना असते, त्यांत यवतमाळही येतो.

२/ शेतात उतरू शकणाऱ्या या पेट्यांचा एक इतिहास आहे, आणि तो थेट वृश्चिक राशीपर्यंत पोहोचतो. विषय आहे कठोर क्ष-किरणांचा, म्हणजे क्ष-किरणांपैकी अधिक ऊर्जेच्या, अधिक भेदक किरणांचा. अशा किरणांचे आकाशातले उगम सापडले कसे, आणि सापडलेली वस्तू नेमकी कोणती हे ठरले कसे? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की इतिहासही चुकतो.

३/ पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते, म्हणून जमिनीवरची कोणतीही दुर्बीण त्यांना पाहू शकत नाही. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी व सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अग्निबाण सोडला. चंद्रावरून क्ष-किरण येतात का, हे त्यांना पाहायचे होते. चंद्राऐवजी वृश्चिक राशीच्या बाजूने येणारा प्रखर झोत सापडला. त्या उगमाला पुढे ‘स्कॉर्पियस एक्स-१’ हे नाव मिळाले.

४/ नाव मिळाले, ओळख मात्र पटली नव्हती. त्या काळच्या उपकरणाला दिशा ढोबळच कळत असे. शिवार कळावे, पण गट नंबर कळू नये, अशी ती अवस्था होती. आकाशाच्या तेवढ्या तुकड्यात तारे असंख्य, त्यांतला नेमका कोणता? उत्तर मिळायला चार वर्षे लागली. १९६६ मध्ये नव्या अग्निबाणाने जागा बरीच नेमकी केली. मग टोकियो आणि पालोमार येथील दुर्बिणींना तिथे एक मंद, निळसर तारा आढळला. पहिला पुरावा क्ष-किरणांचा, दुसरा साध्या प्रकाशाचा. दोन्ही जुळले तेव्हा ओळख पटली.

५/ वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघाची ओळख पटवायला खुद्द चंद्रच कामी आला. ७ जुलै १९६४ रोजी चंद्र या तेजोमेघासमोरून जात असताना अग्निबाणातून मोजमाप झाले. क्ष-किरण एकदम बंद न होता हळूहळू मंदावले. म्हणजे उगम बिंदूसारखा नव्हता, पसरलेला होता. त्याच महिन्यात २१ तारखेला जॉर्ज क्लार्क यांनी टेक्सासमधून फुगा सोडला आणि क्रॅबकडून येणारे कठोर क्ष-किरणही नोंदवले.

६/ अग्निबाण असताना फुगा कशाला? अग्निबाणाला वातावरणाबाहेर जेमतेम काही मिनिटे मिळतात. फुगा कित्येक तास वर तरंगतो. सुमारे ४० किलोमीटर उंचीवर ९९ टक्क्यांहून अधिक हवा खाली राहिलेली असते. सौम्य क्ष-किरण तिथेही पोहोचत नाहीत, कठोर पोहोचतात. त्यामुळे अग्निबाणांवर फारसा खर्च करू न शकणाऱ्या देशालाही या क्षेत्रात उतरण्याची वाट मोकळी झाली.

७/ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला फुग्यांची विद्या नवी नव्हती. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी होमी भाभांच्या काळापासून तिथे फुगे सोडले जात. २८ एप्रिल १९६८ रोजी या संस्थेच्या गटाने हैदराबादहून क्ष-किरण दुर्बीण वर पाठवली आणि स्कॉर्पियस एक्स-१ चे कठोर क्ष-किरण मोजले. गटात बी. व्ही. श्रीकंठन, पी. सी. अगरवाल, गोखले, कुंटे आदी मंडळी होती. या किरणांची तीव्रता झपाट्याने बदलते, असे त्यांनी १९६९ मध्ये मांडले. त्याच वर्षी हैदराबादला फुग्यांचे कायमचे केंद्र उभे राहिले.

८/ आज स्कॉर्पियस एक्स-१ म्हणजे न्यूट्रॉन तारा आणि त्याचा सोबती यांची जोडी, हे मान्य झाले आहे. सोबत्याचे द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढले जाते, तापते आणि क्ष-किरण बाहेर पडतात. जागा ठरली, तारा सापडला, स्वभाव कळला. एकेक पायरी वेगळ्या माणसांनी चढली.

९/ पुढची पायरी उपग्रहाची. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ अवकाशात गेला. त्यावरच्या ‘सीझेडटीआय’ या कठोर क्ष-किरणांच्या उपकरणाचे कामकाज पुण्याच्या आयुका संस्थेतून चालते. या किरणांना भिंगाने एकवटणे अवघड, म्हणून संवेदकांवर छिद्रांचा पत्रा बसवलेला आहे. कुडाच्या फटींतून पडलेल्या कवडशांवरून सूर्य कुठे आहे ते ओळखावे, तशी या पत्र्याच्या सावलीवरून उगमाची दिशा काढतात.

१०/ जानेवारी २०१७ मध्ये या उपकरणाने एक मोठी गफलत टाळली. ४ जानेवारीला दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. सुमारे एका दिवसाने, लहरी जिथून आल्या असाव्यात त्याच पट्ट्यात हवाईच्या ‘ॲटलास’ दुर्बिणीला मंदावत जाणारा प्रकाश दिसला. हा कृष्णविवरांच्या मीलनाचाच प्रकाश असता, तर तो शतकातला शोध ठरला असता.

११/ सीझेडटीआयच्या नोंदीत मात्र लहरींनंतर सुमारे २१ तासांनी झालेला एक गॅमा-किरण स्फोट होता. मंदावणाऱ्या प्रकाशाचा उलटा हिशेब मांडला, तर त्याची सुरुवात त्याच वेळेशी जुळत होती. वरुण भालेराव व सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला : हा प्रकाश त्या स्फोटाचा, कृष्णविवरांशी त्याचा संबंध नाही. मोहक ओळख गेली, खरी ओळख उरली.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकालाही हाच धडा लागू पडतो. नाणे सापडणे वेगळे आणि ते कोणाचे हे सिद्ध होणे वेगळे. दुसरा, स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत ‘वृश्चिकाच्या बाजूचा एक उगम’ एवढेच म्हणण्याचा संयम हवा.

१३/ आणि हा पुरावा जपणाऱ्यांत ज्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधात नसतात, तेही येतात. शेतात उतरलेली पेटी न उघडता पोलीस ठाण्याला कळवणारा शेतकरी हा त्या प्रयोगाचा शेवटचा साहाय्यक असतो. उपकरण धड परत मिळाले, तरच ते पुन्हा आकाशात जाऊ शकते.

१४/ वैशाखातल्या निरभ्र रात्री ढाणकीहून दक्षिणेला तांबूस ज्येष्ठा दिसते. हात लांब करून मूठ धरावी. ज्येष्ठेच्या उत्तरेला साधारण तेवढ्याच अंतरावर स्कॉर्पियस एक्स-१ आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही.