कोडसोबत येणारी कागदपत्रं

डायल-अपच्या काळात सोर्स कोडचा एखादा टारबॉल उतरवायचा म्हणजे रात्र जागवावी लागे. तो उलगडला की आधी नजरेत भरायच्या कॅपिटल अक्षराने सुरू होणाऱ्या फायली: रीडमी, इन्स्टॉल, ऑथर्स, न्यूज, चेंजलॉग, कॉपीइंग. ग्नूच्या प्रकल्पांचा तो शिरस्ताच होता.

मला त्यातला चेंजलॉग फार प्रिय. तारीख, बदल करणाऱ्याचं नाव, ईमेल. खालच्या ओळीत चांदणी, फायलीचं नाव, कंसात फंक्शन आणि काय बदललं ते मोजक्या शब्दांत. फोनची लाइन तुटली तरी कुणी, कधी, काय केलं हे निवांत वाचता यायचं. कोड लिहिणारी माणसं कोडच्या शेजारीच नांदायची.

प्रत्येक प्रकल्पातल्या या फायली ताज्या ठेवणं मात्र जिकिरीचं होतं. जीपीएल परवान्याच्या मजकुरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा टपालाचा पत्ता असे. आधी केंब्रिज, मग बॉस्टनमधलं टेम्पल प्लेस, २००५ पासून फ्रँकलिन स्ट्रीट. कार्यालय हललं की जगभरातल्या असंख्य फायलींच्या माथ्यावरचा पत्ता शिळा व्हायचा. कुणी तो बदलायचं, कुणाला सवड नसायची. २०२४ मध्ये फ्रँकलिन स्ट्रीटचं कार्यालयही बंद झालं, पण टेम्पल प्लेसचा पत्ता असलेल्या फायली आजही सापडतात.

आता अशा सामाईक कागदांसाठी प्रत्येक संस्थेला सोय आहे: आपल्या गिटहब खात्यावर ‘डॉट गिटहब’ नावाची एक सार्वजनिक रेपो ठेवायची. आचारसंहिता, योगदानाचे नियम, सुरक्षेतली त्रुटी कुठे कळवायची ते तिथे एकदाच लिहायचं. खात्यातल्या ज्या रेपोत स्वतःची फाइल नसेल, तिथे ही सामाईक फाइलच लागू होते. संपर्काचा ईमेल बदलला, तर एका कमिटमध्ये काम संपतं. पूर्वी प्रत्येक रेपोत वेगळी पुल रिक्वेस्ट टाकून ती मंजूर होण्याची वाट पाहावी लागे. शिवाय टारबॉलच्या काळातल्या फायलींत आचारसंहिता नसायचीच. ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट’ ही आयती आचारसंहिता आली २०१४ मध्ये, आणि लिनक्स कर्नलने त्यावर बेतलेली संहिता स्वीकारली २०१८ मध्ये. नवख्याला खडसावलं, तर दाद मागायला निदान एक जागा झाली. हे आधीच व्हायला हवं होतं.

पण रेपो क्लोन केली, की या सामाईक फायली सोबत येत नाहीत. त्या रेपोच्या इतिहासातही त्यांचा मागमूस नसतो. उद्या प्रकल्प गिटहबवरून दुसरीकडे हलवला, तर त्या मागेच राहतात. परवान्याची फाइल मात्र गिटहबने या सोयीतून मुद्दाम वगळली आहे, कारण कोड जिथे जाईल तिथे परवाना सोबत गेलाच पाहिजे. मला हाच न्याय आणखी काही कागदांना लावावासा वाटतो.

म्हणून रेपो सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. आचारसंहिता आणि सुरक्षेचा संपर्क खुशाल एका जागी ठेवा. पण बिल्ड कसं करायचं, पॅच कसा पाठवायचा आणि काम कुणी केलं, हे त्या त्या कोडसोबतच राहू द्या.