सुवॉनच्या बाजारात आईची वही

इंदूरहून निघाले तेव्हा माझ्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये सलग 412 दिवस कोरियन शिकल्याची नोंद होती. टोपिक परीक्षेची दुसरी पातळीही मी पार केली होती. त्यामुळे ताईने फोनवर, ‘आईला जरा चार वाक्यं शिकव, दिवसभर बाळाला घेऊन घरात एकटी असते, खाली उतरायलाही बिचकते,’ असं सांगितलं तेव्हा मी मोठ्या रुबाबात ‘हो’ म्हटलं.

ताई आणि भावजी सुवॉनला राहतात. सोलच्या दक्षिणेला, मेट्रोच्या एक नंबरच्या लाइनवर हे शहर आहे. मधोमध ह्वासॉंग नावाचा किल्ला आहे. राजा जॉंगजोने 1794 ते 1796 या काळात तो बांधून घेतला. त्याची जवळजवळ पावणेसहा किलोमीटरची तटबंदी टेकडीवरून उतरून थेट बाजारापर्यंत येते. पाल्दालमुन दरवाजाभोवती गाड्या गोल फिरत असतात आणि पलीकडे भाजी, कापड, भांडी, तळणीचे वास. आपल्या जुन्या शहरांसारखंच. मला तर राजवाड्यासमोरच्या मंडईत उभं असल्यासारखं वाटलं.

पहिल्याच संध्याकाळी आईला घेऊन त्या बाजारात गेले. एका म्हाताऱ्या बाई तव्यावर पिवळसर धिरडी भाजत होत्या. मी पुढे होऊन मालिकांमध्ये शंभरदा ऐकलेलं वाक्य टाकलं, ‘इगॉ म्वोया?’ म्हणजे, हे काय आहे? बाईंचा उलथनं धरलेला हात थांबला आणि भुवया वर गेल्या. तेवढ्यात आईने मागून माझा दंड ओढला.

‘अगं यो लाव शेवटी, यो! अरेतुरे करतेस त्यांना!’

मी चकित झाले. आईला शिकवायला म्हणून मी आले होते ना?

मालिकांमधले मित्र, प्रेमात पडलेली जोडपी, भांडणारी भावंडं एकमेकांशी ‘तू’च्या भाषेत बोलतात. ते ऐकून ऐकून आपल्या तोंडात तेच बसतं. अनोळखी माणसाशी, त्यातून वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना वाक्य निदान ‘यो’वर संपायला हवं. आपल्याकडे कुणी परदेशी मुलगी येऊन भाजीवाल्या आजींना ‘ए, हे काय आहे?’ म्हणाली तर आपल्याला कसं वाटेल? ॲपने मला वाक्याचे दोन्ही प्रकार शिकवले होते. कुठला कधी वापरायचा, हे मात्र चुकल्यावर कुणी डोळे वटारल्याशिवाय मनात ठसत नाही.

‘आता इमो म्हण,’ आई कानात कुजबुजली. ‘तुझ्या वयाच्या मुली म्हणतात.’

इमो म्हणजे आईची बहीण. खाणावळीत वाढणाऱ्या बाईंना कोरियात अशी हाक मारतात. आपणही ‘मावशी’च म्हणतो की! मी ‘इमो’ म्हटल्यावर बाई हसल्या. मग आईने तव्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘गोगी इस्सॉयो?’ मांस आहे? बाईंनी एक गठ्ठा बाजूला सारला, पातेल्यातलं साधं पीठ दाखवलं आणि म्हणाल्या, ‘ऑप्सॉयो.’ नाही. ते बिंदेत्तॉक होतं, वाटलेल्या मुगाच्या डाळीचं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘आलं कमी पडलंय.’

घरी आल्यावर आईने बाळाच्या लंगोटांच्या कपाटातून एक वही काढली. अडीच महिन्यांची कमाई. सुरुवात कचऱ्यापासून झाली होती. कोरियात कागद, बाटल्या, डबे, प्लॅस्टिक, पिशव्या आणि उरलंसुरलं अन्न असं सगळं वेगवेगळं टाकावं लागतं. प्रत्येक पेटीवर नाव असतं. पहिल्या आठवड्यात आईने चुकीच्या पेटीत टाकलं तेव्हा तळमजल्यावरच्या आजींनी हात धरून अक्षरं दाखवली. ‘केन’ म्हणजे कॅन, ‘बिनिल’ म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. शब्द ओळखीचा, अक्षर अनोळखी. त्यामुळे अक्षरं पटकन कळली. नंतर बस, टॅक्सी, आइस्क्रीम. कॉफीला ‘कॉपी’, कारण त्यांच्याकडे फ नाही. मला विचाराल तर लिपी शिकायला याहून सोपी वाट नाही. कोरियन दुकानांच्या पाट्यांचे फोटो पाहायचे आणि त्यातले इंग्रजी शब्द शोधायचे.

आईने उच्चार देवनागरीत लिहिले होते. मी मात्र वर्षभर रोमन अक्षरांत अडकले होते. ‘दाल’ म्हणजे चंद्र, ‘त्ताल’ म्हणजे मुलगी, ‘थाल’ म्हणजे मुखवटा. इंग्रजी पुस्तकं हा फरक समजावताना तोंडापुढे कागद धरायला सांगतात. आपण मात्र लहानपणापासून क-ख, त-थ, प-फ घोकलेले आहेत. व्याकरणातही क्रियापद शेवटी. ‘मी पाणी पितो’ हाच क्रम. ‘ला’, ‘त’, ‘ने’ असे प्रत्यय नामाला मागून चिकटतात. मराठीतून कोरियनकडे जायचं सोडून मी इंग्रजीचा वळसा का घेतला, देव जाणे. बी.ए.ची सवय असावी.

याचा अर्थ मोबाइल कुचकामी आहे असं नाही. ‘टॉक टू मी इन कोरियन’चे धडे 2009 पासून चालू आहेत. त्यांतलं व्याकरण मला अजूनही सगळ्यात स्वच्छ वाटतं. अनुवादासाठी पापागो वापरते. शिस्तीने शिकायचं असेल तर कोरियन सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन वर्ग आहेत. दिल्लीत लाजपतनगरला कोरियन सांस्कृतिक केंद्र आहे आणि चेन्नईत इन्को सेंटर. टोपिकच्या जुन्या प्रश्नपत्रिका सरावाला चांगल्या. फक्त पहिल्या दोन पातळ्यांची ती परीक्षा ऐकण्या-वाचण्याची असते, तोंड उघडावंच लागत नाही. माझं प्रमाणपत्र बाजारात का गप्प बसलं, ते यावरून कळेल.

आकड्यांनी मात्र आम्हा दोघींनाही दमवलं. तास मोजायला अस्सल कोरियन आकडे आणि मिनिटांना चिनी वळणाचे. त्यातून त्यांची मोजणी दहा हजारांच्या ‘मान’वर चालते. आपला एक लाख म्हणजे त्यांचा ‘शिम्मान’, दहा मान. आई किंमत ऐकते आणि सरळ नोट पुढे करते.

9 ऑक्टोबरला त्यांचा हांगुल दिवस असतो. लिपीसाठी राष्ट्रीय सुट्टी! ताईला रजा होती म्हणून बाळ तिच्याकडे ठेवून आम्ही दोघी सोलला गेलो. ग्वांगह्वामुन चौकात राजा सेजोंगचा मोठा सोनेरी पुतळा बसलेला आहे, हातात पुस्तक. सामान्य माणसाला चिनी अक्षरं झेपत नाहीत म्हणून त्याने 1443 मध्ये ही लिपी तयार केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. पुतळ्याखालच्या तळघरात प्रदर्शन आहे. अक्षरांचे आकार तोंडावरून कसे घेतले ते तिथे बघता येतं. ‘म’चा चौकोन म्हणजे तोंड, ‘न’ म्हणजे टाळूला टेकलेली जीभ, ‘स’ म्हणजे दात. आईने ‘न, न, न’ म्हणत स्वतःची जीभ तपासली. शेजारच्या शाळकरी मुली खुदकन हसल्या आणि तिच्याबरोबर ‘न, न’ करू लागल्या.

जवळच्या क्योबो पुस्तकालयात परदेशी लोकांसाठी कोरियनची पुस्तकं आहेत. मी एक शब्दसंग्रह घेतला. आईने नातीसाठी अक्षरांचं चित्रांचं पुस्तक घेतलं आणि परतीच्या गाडीत स्वतःच वाचत बसली.

‘तुला इथं फार एकटं वाटलं ना?’ मी विचारलं.

‘पहिला महिना वाटलं,’ ती पान उलटत म्हणाली. ‘मग आजी भेटल्या. त्या मला रोज विचारतात, जेवलीस का? तेवढं समजायला लागलं.’

गाडीत घोषणा झाली. मला स्टेशनचं नाव तेवढं कळलं. पुढचं मी पापागोत लिहायला घेतलं.

‘ओरुन्चोक म्हणाली. उजवीकडे,’ आई म्हणाली आणि पिशवी उचलून त्या दाराशी जाऊन उभी राहिली.