गॅस संपत नसतो

शीतक गॅस म्हणजे काही चुलीतले रॉकेल नव्हे, जळून संपायला. बंद नळ्यांतून तोच पुन:पुन्हा फिरतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी छिद्र आहे. म्हणून कोडोलीच्या आमच्या घरातील वातानुकूलन यंत्रात नुसता गॅस भरू द्यायला मी नकार दिला. "अहो, आईंना उकाडा सोसवत नाही," पत्नी म्हणाली. आईची धाप मलाही ऐकू येत होती.

नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला, तेव्हा आतल्या कॉइलच्या मधोमध तीन ठिकाणी बुडबुडे आले. जोड गळता तर डाख देऊन भागले असते. परंतु रंग, व्हिनेगर, नव्या फर्निचरचा गोंद यांतून सुटणारी आम्ले तांब्यात वारुळासारखे सूक्ष्म बोगदे पोखरतात. एक छिद्र बुजवावे, तर शेजारी दुसरे उघडते. अमोनियाही तांब्याला खातो, म्हणूनच अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहांतील नळ्या पोलादी असतात. वारणानगरच्या शेजाऱ्यांना हे काय सांगावे!

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात अपायकारक सवयींचे उदाहरण म्हणून वातानुकूलनाचाच वाढता वापर दिला आहे. ते वाचून मन अवघडते. पण आईपुढे मी यंत्र बंद करू शकत नाही. निदान गळती तरी नको. आमच्या यंत्रातील आर-३२ चा एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो.

पेन्शनचा मोठा घास गेला, पण कॉइल नवी बसवली. नळ्या निर्वात करून गॅस काट्यावर तोलून भरला. आईच्या खोलीचे दार लोटायची आठवण आता मीच सर्वांना देत असतो.