चिकूची पाठ

रविवारी रात्री चिकू सोफ्यावरून उतरली आणि मागचे दोन्ही पाय फरफटवायला लागली. डॅशहुंड, वय 5. मुरगळलं असेल म्हणून आईने हळद-तेल आणलं. सकाळी डॉक्टरांनी मागच्या बोटाला जोरात चिमटा घेतला, तिने मान वळवून रागाने पाहिलं. "दुखतंय ना, मग आशा आहे," ते म्हणाले. मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाबत होती. 6 आठवडे पिंजऱ्यात विश्रांती. दुखणंच कळेनासं झालं तर मात्र तास न घालवता ऑपरेशनला मुंबई गाठा. म्हणजे कसारा घाट आणि पुढचं ट्रॅफिक!

डॅशहुंडचे पाय ज्या जनुकीय बदलांमुळे आखूड, त्यातल्याच एकामुळे या गाद्या लहानपणीच कडक व्हायला लागतात. हे ठेंगणं रूप माणसानेच निवडून निवडून जोपासलंय.

ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, हा नियम 2017 चा. त्याची बातमी मीच लावली होती. चिकू घेताना नोंदणी सोडा, साधी पावतीही मागितली नाही. तिच्या आईबापाच्या पाठी कशा होत्या, विचारायचं कुणाला? त्या माणसाचा फोन आता लागत नाही.

आज 19 वा दिवस. सकाळी शेपूट हलली.